पाऊस पश्चिमेला, पाणी मधोमध: जुन्नर तालुक्याची जडणघडण

पुणे जिल्ह्याच्या उत्तर टोकाला असलेल्या जुन्नर तालुक्याचे नाव निघाले की बहुतेकांना शिवनेरी आठवतो, अष्टविनायकाची यात्रा केलेल्यांना ओझर आणि लेण्याद्री आठवतात, आणि पावसाळ्यात भटकंती करणाऱ्यांना माळशेज आणि नाणेघाट. ही सगळी ठिकाणे एकाच तालुक्यात का आली आणि त्यांचा एकमेकांशी काय संबंध आहे, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो. २०११ च्या जनगणनेनुसार या तालुक्यात सुमारे चार लाख माणसे राहतात आणि त्यातील फार थोडी जुन्नर शहरात आहेत. बाकीची वस्ती गावांत, वाड्यांत आणि मळ्यांत विखुरलेली आहे. ती वस्ती अशी का विखुरली, कोणते गाव श्रीमंत का झाले आणि कोणते तसेच का राहिले, हे समजून घ्यायचे असेल तर इतिहासाच्या आधी उंची आणि पाऊस या दोन गोष्टी पाहाव्या लागतात.

तालुक्याच्या पश्चिमेला नाणेघाट आहे आणि पूर्वेला आणे गावाचे पठार. रस्त्याने हे अंतर साधारण ऐंशी किलोमीटर भरते. जुलैच्या एखाद्या दिवशी हा प्रवास केला तर सकाळी घाटमाथ्यावर हात पुढे केलेला दिसणार नाही इतके धुके आणि धुवाधार पाऊस असतो, दुपारी जुन्नरजवळ अधूनमधून सरी येतात आणि संध्याकाळी आण्याला पोहोचेपर्यंत रस्त्यावरची धूळ उडू लागलेली असते. अरबी समुद्रावरून येणारे ढग कोकणपट्टीवरून सरळ येऊन सह्याद्रीच्या कड्यावर आदळतात, उंच चढताना थंड होतात आणि बरेचसे पाणी माथ्यावरच टाकून मोकळे होतात. कडा ओलांडून जे ढग पुढे सरकतात त्यांच्यात पाणी थोडेच उरलेले असते. म्हणूनच पश्चिमेकडील आंबोली, घाटघर, हातवीज या गावांत भातखाचरे दिसतात आणि पूर्वेकडे बाजरीची शेते.

दुसरी गोष्ट दगडाची. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थर एकावर एक पसरत गेले आणि त्यांतून दख्खनचा काळा कातळ तयार झाला. हे थर जवळजवळ आडवे असल्यामुळे येथील डोंगरांना पायऱ्यांसारखा आकार आला आहे: उभा कडा, त्यावर सपाटी, पुन्हा कडा, पुन्हा सपाटी. शिवनेरी, चावंड, हडसर, जीवधन, निमगिरी हे सगळे किल्ले याच निसर्गनिर्मित पायऱ्यांवर उभे आहेत. कड्याने तटबंदीचे अर्धे काम आधीच करून ठेवलेले होते. पण हाच अखंड कातळ पाणी फारसे मुरू देत नाही. घाटमाथ्यावर कितीही पाऊस पडला तरी मातीचा थर पातळ आणि खाली खडक, त्यामुळे पाणी काही तासांत ओढ्यांना लागते आणि पूर्वेकडे निघून जाते. तालुक्याच्या पुढच्या सगळ्या कहाणीचे मूळ या एका वाक्यात आहे, म्हणून ते लक्षात ठेवावे.

हे पाणी ज्या वाटांनी वाहते त्यांना या भागात ‘नेर’ असा जुना शब्द आहे. नेर म्हणजे नदीचे खोरे. मीना नदीचे खोरे ते मिन्नेर, कुकडीचे ते कुकडनेर, आणि दक्षिणेला शेजारच्या तालुक्यांत घोडनदीचे घोडनेर, भीमेचे भीमनेर, भामेचे भामनेर. पुण्याच्या बाजूला जसे बारा मावळ, तशी जुन्नरच्या बाजूला ही नेरे. कुकडी चावंड किल्ल्याजवळच्या पूर गावापाशी उगम पावते आणि तेथे कुकडेश्वराचे कोरीव कामाने नटलेले प्राचीन मंदिर आहे. मीना आंबोलीच्या बाजूने येते. पुष्पावती आणि मांडवी उत्तरेकडून, हरिश्चंद्रगडाच्या रांगेच्या बाजूने उतरतात. या नद्या पुढे कुकडी आणि घोडनदीच्या द्वारे भीमेला मिळतात, म्हणजे नाणेघाटाच्या माथ्यावर पूर्वेकडे ओघळलेला थेंब अखेर बंगालच्या उपसागरात जातो आणि चार पावले पश्चिमेकडे पडलेला थेंब अरबी समुद्रात. ‘जुन्नर’ हे नाव ‘जीर्णनगर’ किंवा ‘जुने नगर’ यावरून आल्याचे सांगतात, आणि हे नगर नेमके तेथे वसले जेथे डोंगरातून बाहेर पडलेले कुकडीचे खोरे प्रथमच ऐसपैस होते.

आता घाटाकडे वळू. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी सातवाहनांची राजधानी प्रतिष्ठान, म्हणजे आजचे पैठण, गोदावरीच्या काठी होती आणि त्यांचा माल परदेशी जायचा तो सोपारा आणि कल्याण या कोकणातील बंदरांतून. या दोहोंच्या मध्ये सह्याद्रीची भिंत होती. त्या भिंतीत लादलेली जनावरे चढू-उतरू शकतील अशी खिंड फोडणे हा राज्याच्या दृष्टीने मोठा व्यवहार होता, आणि नाणेघाट हा त्या व्यवहाराचा पुरावा आहे. खिंडीच्या माथ्यावर दगडात कोरलेला एक रांजण आहे. येणारे-जाणारे व्यापारी त्यात जकातीची नाणी टाकत, अशी परंपरा सांगते. शेजारच्या गुहेच्या भिंतींवर ब्राह्मी लिपीत आणि प्राकृत भाषेत राणी नागनिकेचा मोठा शिलालेख आहे. इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकाच्या सुमारास कोरलेल्या या लेखात तिच्या घराण्याने केलेल्या यज्ञांची आणि त्या वेळी दिलेल्या गाई, घोडे, हत्ती आणि कार्षापण नाण्यांची यादी आहे. दानाच्या संख्या अंकांत लिहिलेल्या असल्यामुळे भारतीय अंकांच्या इतिहासात या लेखाला मोलाचे स्थान आहे, कारण त्यातील काही अंकांची वळणे आजच्या आपल्या अंकांशी नाते सांगतात. गुहेत राजघराण्यातील व्यक्तींचे पुतळे होते. आता ते नष्ट झाले आहेत, मात्र सिमुक सातवाहन, नागनिका, सातकर्णी ही नावे वर कोरलेली राहिली आहेत. एखाद्या राजघराण्याने आपली वंशावळ राजधानीत न कोरता जकातनाक्यावर कोरावी, यातच त्या घाटाची किंमत कळते.

घाट चढून आलेला व्यापारी थकून ज्या पहिल्या मोठ्या गावात थांबत असे ते जुन्नर. त्यामुळे या गावाभोवतीच्या डोंगरांत लेणी कोरली गेली: तुळजा लेणी, मानमोडीच्या डोंगरातील तीन समूह, शिवनेरीच्या पोटातील लेणी आणि लेण्याद्रीचा गणेश लेणी समूह. सगळी मिळून ही संख्या दोनशेच्या आसपास जाते, आणि एका गावाभोवती बौद्ध लेण्यांची इतकी दाटी महाराष्ट्रात दुसरीकडे नाही. वेरूळ-अजिंठ्याची भव्यता डोळ्यांपुढे ठेवून आलेला माणूस येथे थोडा निराश होतो, कारण बहुतेक लेणी लहान आणि साधी आहेत. मला मात्र त्यांचा साधेपणाच महत्त्वाचा वाटतो. ही लेणी अनेक लहान दात्यांनी आपापल्या ऐपतीप्रमाणे कोरून घेतली आहेत आणि त्यांच्या शिलालेखांतून त्या काळचा बाजार बोलतो. धान्याचे व्यापारी, काशाची भांडी करणारे कारागीर, बांबूचे काम करणारे यांच्या श्रेणी, म्हणजे व्यवसायसंघ, यांचा त्यांत उल्लेख येतो. दानाची रक्कम या श्रेणींकडे ठेव म्हणून ठेवावी आणि तिच्या व्याजातून भिक्षूंची सोय व्हावी, अशी पद्धत होती. इरिल, चिट आणि चंद या तीन दात्यांनी स्वतःला ‘यवन’ म्हणवले आहे, म्हणजे ते ग्रीक वंशाचे किंवा पश्चिमेकडून आलेले होते. मानमोडीतील आणखी एक लेख क्षत्रप नहपानाचा अमात्य अयम याचा आहे, त्यावरून मधल्या काळात हा घाटमाथा सातवाहनांच्या हातून क्षत्रपांकडे गेला होता हे कळते. घाट ज्याच्या ताब्यात, त्याच्याकडे जकात, हे समीकरण दोघांनाही माहीत होते.

लेण्याद्रीच्या ज्या विहारात आज गिरिजात्मज गणपती आहे तो मुळात भिक्षूंचा निवास होता. मोठे, एकही खांब नसलेले दालन आणि भोवती खोल्या, अशी त्याची रचना आजही ओळखता येते. अष्टविनायकांपैकी डोंगरावर आणि लेण्यात असलेले हे एकमेव स्थान.

पुढे व्यापाराची वाट बदलत गेली, तरी कोकणातून वर येणारा रस्ता जुन्नरवरूनच जात राहिला. पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धात अफनासी निकितीन नावाचा रशियन व्यापारी एक घोडा विकायला घेऊन चौलच्या बंदरात उतरला आणि पायी जुन्नरला आला. पावसाळा त्याने येथेच काढला. चार महिने सगळीकडे पाणी आणि चिखल असतो आणि याच दिवसांत येथील लोक नांगरणी-पेरणी करतात, याचे त्याला मोठे नवल वाटले, कारण त्याच्या देशात शेतीची वेळ वेगळी. किल्ल्यावर जाणारी वाट इतकी अरुंद आहे की दोन माणसे शेजारी चालू शकत नाहीत, असे तो लिहितो. जुन्नरच्या असदखानाने त्याचा घोडा काढून घेतला आणि धर्म बदलशील तर परत देतो असे सांगितले. खुरासानच्या एका वजनदार गृहस्थाने मध्यस्थी केल्यामुळे निकितीनला घोडाही मिळाला आणि धर्मही राखता आला.

त्यानंतर थोड्याच वर्षांत, १४९० मध्ये, बहमनी राज्याचा जुन्नर येथील सुभेदार मलिक अहमद याने स्वातंत्र्य जाहीर केले आणि निजामशाहीची सुरुवात जुन्नरमध्ये झाली. दौलताबाद जिंकायचे तर जुन्नर फार पश्चिमेला पडत होते, म्हणून त्याने दोहोंच्या मध्ये १४९४ मध्ये नवे शहर वसवले, तेच अहमदनगर, आजचे अहिल्यानगर. राजधानी गेली तरी जुन्नरची पेठ टिकली. येथे तयार होणारा हातकागद ‘जुन्नरी कागद’ म्हणून ओळखला जाई आणि तो करणाऱ्या कागदी समाजाची वस्ती शहरात होती. आपल्या जुन्या दप्तरांतील कागद हाताळताना तो कोणत्या गावी तयार झाला असेल हा विचार सहसा मनात येत नाही, पण या शहराच्या पोटापाण्यात त्याचा वाटा होता.

शिवनेरी मालोजीराजांच्या काळापासून भोसले घराण्याशी जोडलेला होता आणि १९ फेब्रुवारी १६३० रोजी शिवाजी महाराजांचा जन्म तेथे झाला, हे मराठी घरात वेगळे सांगावे लागत नाही. त्या काळात तालुक्यातील दुसऱ्या एका किल्ल्यालाही महत्त्व होते. नाणेघाटावर नजर ठेवणाऱ्या जीवधनावर निजामशाहीचा बालवारस कैदेत होता. शहाजीराजांनी त्याला सोडवून गादीवर बसवले आणि बुडती निजामशाही काही वर्षे तोलून धरली. १६३६ च्या तहानंतर शिवनेरी मोगलांकडे गेला. १६५७ मध्ये महाराजांनी रात्री तटाला शिड्या लावून जुन्नर शहरावर छापा घातला आणि तीन लाख होन आणि दोनशे घोडे नेले, पण ज्या किल्ल्यावर ते जन्मले तो त्यांच्या हयातीत स्वराज्यात आला नाही. मराठ्यांना तो अठराव्या शतकात, शाहू महाराजांच्या काळात मिळाला आणि १८१८ मध्ये इंग्रजांनी घेतला.

राजवटी बदलत असताना पश्चिमेकडील डोंगरात राहणारे लोक मात्र तेच होते. महादेव कोळी समाजाची वस्ती येथे शेकडो वर्षांची आहे. बहमनी काळापासून त्यांच्या नाईकांकडे डोंगरी मावळांचा बंदोबस्त असे आणि त्यांच्या प्रमुखाला सरनाईक म्हणत. मोगलांच्या अमलात या नाईकांनी बंड केले. ते मोडून काढताना अनेक कोळी बांधवांना शिवनेरीवर नेऊन मारले गेले, अशी परंपरा आहे, आणि गडाच्या माथ्यावरील कोळी चौथरा त्यांची आठवण म्हणून दाखवला जातो. गडावर जाणाऱ्यांपैकी फार थोडे लोक तेथपर्यंत चढतात. जरूर चढावे.

या समाजाची शेती समजून घेण्यासारखी आहे. तीव्र उतारावर माती टिकत नाही, म्हणून उताराला आडवे दगडी बांध घालून त्यामागे माती भरायची आणि सपाट खाचर तयार करायचे, या कामाला ‘पडकई’ म्हणतात. एका कुटुंबाच्या बळावर हे होत नाही. वाडीतील लोक एकत्र येऊन आज याच्या, उद्या त्याच्या शेतात बांध घालतात. अलीकडे शासनानेही याच नावाने योजना राबवली. भाताचे पीक निघाले की शेती संपली, कारण पुढे पाणी नाही. मग आधार असतो हिरड्याचा. उन्हाळ्यात झाडावरचा कोवळा बाळहिरडा गोळा करायचा, तो अंगणात वाळवायचा आणि औषधांसाठी व्यापाऱ्याला विकायचा, यातून जुन्नर आणि आंबेगावच्या डोंगरी गावांत हाती रोख पैसा येतो. जून २०२० मध्ये निसर्ग चक्रीवादळाने हिरड्याची जुनी झाडे उन्मळून पाडली, तेव्हा या गावांचे वर्षानुवर्षांचे उत्पन्न एका दिवसात गेले. ऊस वाहून गेला तर पुढच्या हंगामात पुन्हा लावता येतो. हिरड्याचे झाड पुन्हा फळाला यायला बराच काळ जावा लागतो, आणि नुकसानीची मोजदाद करताना हा फरक ध्यानात घेतला पाहिजे.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कुकडी प्रकल्प उभा राहिला आणि तालुक्याचे रूप बदलले. कुकडीवर माणिकडोह आणि येडगाव, मीनेवर वडज, उत्तरेला पिंपळगाव जोगे, आणि शेजारच्या आंबेगाव तालुक्यात घोडनदीवर डिंभे, अशी ही धरणांची साखळी आहे. पश्चिमेचा धो धो पाऊस जेथे डोंगर सोडतो तेथेच तो अडवायचा आणि कालव्यांनी पूर्वेकडे न्यायचा, ही तिची कल्पना. हे पाणी जुन्नरच्या मध्य पट्ट्याला मिळतेच, शिवाय शिरूर, पारनेर, श्रीगोंदा, कर्जत आणि थेट सोलापूर जिल्ह्यातील करमाळ्यापर्यंत जाते. नारायणगाव, ओतूर, ओझर, राजुरी, आळे या गावांभोवती ऊस, द्राक्षे, टोमॅटो, कांदा अशी बागायती शेती फुलली, आणि नारायणगावच्या बाजारात हंगामात टोमॅटोच्या क्रेटचे डोंगर दिसू लागले. साखर कारखाना आला, दुधाचा धंदा वाढला, मळ्यामळ्यांत पक्की घरे झाली.

उसाबरोबर बिबट्याही आला. बारा महिने उभा असलेला दाट ऊस त्याला जंगलासारखाच वाटतो: लपायला जागा, प्यायला कालव्याचे पाणी आणि वस्तीजवळ कुत्री, शेळ्या, कोंबड्या. अनेक बिबटे उसातच जन्मले आणि तेथेच वाढले, त्यामुळे त्यांना ‘जंगलात परत सोडा’ म्हणणे तितकेसे सोपे राहिलेले नाही. माणिकडोह येथे पकडलेल्या बिबट्यांसाठी निवारा केंद्र आहे. पण रात्री वीज आली म्हणून पिकाला पाणी द्यायला जाणाऱ्या शेतकऱ्याची भीती केंद्राने संपत नाही.

याच मध्य पट्ट्यात नारायणगावजवळ खोडद येथे जगातील एक मोठी रेडिओ दुर्बीण आहे. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या. त्यांपैकी १४ एका ठिकाणी दाटीने आणि १६ इंग्रजी वाय अक्षराच्या आकारात दूरवर पसरलेल्या. प्रा. गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखाली टाटा मूलभूत संशोधन संस्थेने ती उभारली. दूरच्या आकाशगंगांतून येणाऱ्या रेडिओ लहरी अत्यंत क्षीण असतात, म्हणून शहरांच्या विजेच्या आणि प्रक्षेपणाच्या गोंगाटापासून डोंगरांच्या आड असलेली जागा हवी होती. जाळीच्या तबकड्यांमधून वारा आरपार जातो, त्यामुळे एवढ्या मोठ्या असूनही त्या तुलनेने हलक्या आणि कमी खर्चात झाल्या. आणि त्याच नारायणगावात गुढीपाडव्याच्या सुमारास तमाशाचे फड आपल्या राहुट्या लावतात, गावोगावचे पुढारी येऊन आपल्या जत्रेची सुपारी देतात. विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर यांनी या गावाचे नाव महाराष्ट्रभर नेले.

पुणे-नाशिक आणि कल्याण-नगर हे दोन महामार्ग आळेफाट्यावर एकमेकांना छेदतात. नाणेघाटाचे काम आता माळशेजचा रस्ता करतो आणि बैलांच्या तांड्यांऐवजी भाजीचे ट्रक कल्याणकडे उतरतात. आळे गावात ज्ञानेश्वरांनी ज्याच्या मुखातून वेद वदवले त्या रेड्याची समाधी आहे, आणि वारकऱ्यांच्या मनात या गावाचे स्थान त्यामुळेच आहे. जवळच्या बोरी बुद्रुक येथे कुकडीच्या काठावर ज्वालामुखीच्या राखेचा थर सापडला आणि त्याच्या सोबत अश्मयुगीन माणसाची दगडी हत्यारे. ही राख सुमात्रा बेटावरील टोबा ज्वालामुखीच्या सुमारे ७५,००० वर्षांपूर्वीच्या स्फोटाची, की त्याहून कित्येक लाख वर्षे जुनी, यावर संशोधकांत दीर्घ वाद झाला आहे. उत्तर काहीही असले तरी या नदीकाठी माणूस सातवाहनांच्या फार आधीपासून वावरत होता.

आळेफाट्याच्या पूर्वेला रस्ता घाट चढून आणे पठारावर येतो आणि बागायत एकदम संपते. येथे रंगदास स्वामींच्या यात्रेला मोठाल्या कढयांत आमटी शिजते, घराघरांतून भाकरी येतात आणि हजारो माणसे आमटी-भाकरीचा प्रसाद घेऊन जातात. वर्षाचे उरलेले दिवस पठार आभाळाकडे डोळे लावून असते. कुकडीचे पाणी आपल्याला मिळावे ही येथील गावांची जुनी मागणी आहे. अडचण उंचीची आहे. कालव्याचे पाणी आपोआप वाहते ते उताराच्या दिशेने, आणि पठार कालव्याच्या वर आहे. तालुक्याच्या दुसऱ्या टोकाला, माणिकडोहच्या वरच्या अंगाला असलेल्या आदिवासी वाड्यांचेही तेच. त्यांच्या डोक्यावर तालुक्यातील सर्वांत जास्त पाऊस पडतो, त्यांच्यातील काहींच्या जमिनी धरणात गेल्या, आणि एप्रिल-मे महिन्यांत निळेशार जलाशय खाली दिसत असताना तेथील बायका वरच्या झऱ्यावर रात्री हंडे लावून बसतात. पूर्वेला पाऊस नाही आणि पश्चिमेला तो थांबत नाही, पण दोन्ही टोकांची गावे साठवलेल्या पाण्याच्या वर आहेत, आणि वर चढवलेल्या प्रत्येक हंड्यामागे पंप, पाइप आणि विजेचे बिल कोणीतरी भरावे लागते.